वसईतला पहिला नाताळ आणि विरार लोकल

अगं, नोकरी सांभाळून सासरचा पहिला नाताळ कसा निभावायचा म्हणून घाबरू नकोस. नाताळआधीच्या तयारीच्या दिवसांचे, म्हणजे आगमन काळाचे, चार रविवार असतात, त्यातले निदान दोन स्वयंपाकघरासाठी धर. नोकरी सांभाळून 23-24 तारखेला सगळं उरकेन म्हणशील तर रडशील. माझ्या पहिल्या वर्षी मी हेच केलं. करंज्या तळता तळता गॅस संपला नि सासूबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं!

केकचा सुकामेवा आत्ताच रममध्ये भिजव. कलकल, म्हणजे शंखाच्या आकाराचे गोड तळणीचे तुकडे, आधी करून ठेव, नीट कुरकुरीत तळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरले की आरामात टिकतात. पीठ नारळाच्या दुधात मळायचं आणि काट्याच्या पाठीवर वळायचं. हे एकटीनं करू नकोस. पोरं, नवरा, सासरे, सगळ्यांना टेबलाशी बसव. अर्धे वाकडे होतील, होऊ देत. ओल्या नारळाच्या करंज्या मात्र शेवटी, सारण लवकर आंबतं. दोदोलच्या, म्हणजे नारळाचं दूध-गूळ आटवून केलेल्या मिठाईच्या, नादाला यंदा लागू नकोस. तासन्‌तास ढवळावं लागतं, आणि विरार लोकलमध्ये उभं राहून आलेल्या हातांना ते झेपत नाही.

येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी गहू साधारण 15 तारखेला पेर, म्हणजे नाताळपर्यंत हिरवं गवत तयार.

आणि रजेचा अर्ज आजच टाक. 26 ची सुट्टी माग, 24 ला फक्त लवकर निघायची परवानगी. 24 च्या मध्यरात्रीच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, दुसऱ्या दिवशी पाहुणे येतात, खरी दमछाक तेव्हाच होते.