सक्तीची भरती बंद करून पगारी सैन्य उभं करणं इतकं अवघड का जातं?

तुमचा प्रश्न असा आहे: दक्षिण कोरियासारख्या देशात मुलंच कमी जन्मताहेत, सक्तीची भरती आटत चाललीय, मग पगारी जवान घेऊन छोटं पण कसलेलं सैन्य का उभारत नाहीत? मी पायदळात चोवीस वर्षं काढली, हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि आता सोलापुरात भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना पहाटे पळवतो. आपल्याकडे सक्ती कधीच नव्हती, त्यामुळे तिचा अनुभव मला नाही. पण ही गाडी कुठे रुतते ते मला नीट कळतं. ती हवालदारापाशी रुतते.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जुळवून देणारे कारागीर होते. मालकाने नवे माग आणले, कामगार ठेवले, तरी जॉबर नसेल तर चादरीत दोष येत राहतो. आवाजावरून धोटा कुठे अडकतोय ते ओळखणारा माणूस जाहिरात देऊन मिळत नाही. सैन्यात ती जागा हवालदाराची. लांब मार्च संपल्यावर मी टॉर्च घेऊन एकेका जवानाचे पाय बघायचो. फोड लपवणारा पोरगा बूट काढतानाच ओळखू येतो, दोर सोडायला तो जरा जास्त वेळ लावतो. ही नजर यायला मला दहा-बारा वर्षं लागली.

सक्तीच्या सैन्यात हा मधला थर मुळात पातळ असतो. मुलगा शिकतो तोवर त्याची घरी जायची वेळ होते. रशियाने 2008 मध्ये सक्तीची सेवा बारा महिन्यांवर आणली, त्यात प्रशिक्षण वजा करा, हाताशी उरतं काय? त्याआधी सेवा दोन वर्षांची असताना तिथे रात्री बराकीत कसलेला सार्जंट, म्हणजे आपला हवालदार, नसायचा, म्हणून दुसऱ्या वर्षाची मुलं नव्यांना छळायची. त्या जुन्यांना 'आजोबा' म्हणत. 2008 मध्येच जॉर्जियाच्या युद्धानंतर संरक्षणमंत्री सेर्द्युकोव यांनी मोठी सुधारणा काढली. कागदावर भरलेल्या, प्रत्यक्षात रिकाम्या तुकड्या मोडल्या, ते बरोबरच होतं. पण सुमारे साडेतीन लाख अधिकारी एकदम दीड लाखावर आणायला निघाले आणि सोबत आपल्या सुभेदारासारखी असलेली प्रापोर्श्चिकांची पदंच रद्द केली. नवे सार्जंट घडवायला रयाझानला 2009 मध्ये दोन वर्षं दहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू झाला खरा, पण जुने काढताना नव्यांची वाट कोणी पाहिली नाही. शेवटी अधिकारी 2.20 लाखांपर्यंत वाढवावे लागले आणि नवे संरक्षणमंत्री शोइगू आल्यावर प्रापोर्श्चिकही परत आले. मला या गोष्टीचा अजून राग येतो, कारण त्याची किंमत पोरांनी मोजली.

कोरियाचा पेच वेगळा आहे. 2023 मध्ये तिथला जननदर 0.72 होता, म्हणजे एका बाईमागे सरासरी एक मूलसुद्धा नाही. सक्तीच्या मुलांना न्याय मिळावा म्हणून पगार वाढवले. 2025 मध्ये सेवेच्या शेवटच्या टप्प्यातल्या शिपायाला महिन्याला 15 लाख वोन मिळू लागले. चांगलंच झालं. पण नव्या पगारी हवालदाराचं वेतन त्या मानाने वाढलं नाही, मग चार वर्षं बांधून कोण घेणार? दीड वर्ष काढून मोकळं होणं त्यांना परवडतं.

शिवाय पगारी जवान तिशीत बायको-मुलं घेऊन येतो. त्याला बराकीतली खाट पुरत नाही. क्वार्टर हवं, मुलांची शाळा हवी, बायकोला जवळपास काम हवं. आमच्या कंपनीतल्या चांगल्या माणसांनी नोकरी सोडली ती बहुतेक वेळा याच कारणांनी, गोळीच्या भीतीने नाही.

स्वीडनने 2010 मध्ये सक्ती थांबवली, माणसं पुरेनात म्हणून 2017 मध्ये परत आणायचं ठरवलं. जर्मनीने 2011 मध्ये थांबवली, सैन्य 2.03 लाखांवर न्यायचं लक्ष्य ठेवलं आणि आकडा वर्षानुवर्षं 1.80 लाखांच्या आसपास अडकला. फ्रान्सने 1996 मध्ये सक्ती बंद करायची घोषणा केली आणि 2001 पर्यंत सावकाश बदल केला, मला तीच रीत पटते.

कोरियाने आधी हवालदारांचा पगार आणि घरं यांना हात घालावा, आज चार वर्षं झालेल्यांना बारा वर्षांपर्यंत टिकवावं, आणि ते पुढच्या पोरांना शिकवू लागले की मग सक्ती एकेका तुकडीतून उठवत जावी.