नेमकं स्वतःच्या नावावरच अडकतं

तुम्ही बोलताना अडखळता, एरवी अडणारा शब्द बदलून वेळ मारून नेता, पण फोनवर नाव सांगताना घसा बंद होतो, आणि दीर्घ श्वास घेऊन फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय. नावावर अडकणं साहजिक आहे, कारण तिथे शब्द बदलताच येत नाही.

मी लहानपणापासून अडखळत बोलते. माझ्या मते अडखळण्यापेक्षा ते लपवण्यातच माणूस जास्त दमतो. 'मंगळवारी' ऐवजी 'परवा' म्हटलं की त्या क्षणी सुटका होते खरी, पण त्या सुटकेमुळेच 'मंगळवार'ची धास्ती वाढते.

श्वासाचं म्हणाल, तर गाताना किंवा चारजणांबरोबर एका सुरात वाचताना आपण सहसा अडखळत नाही. श्वास तर तोच असतो! दीर्घ श्वास, बोटांनी ताल धरणं, पाय आपटणं या युक्त्या नव्या असताना चालतात. मग गुण जातो आणि सवय तेवढी राहते.

मला उपयोग झाला तो अमेरिकेतले स्पीच थेरपिस्ट चार्ल्स व्हॅन रायपर यांच्या पद्धतीचा. ते स्वतःही अडखळायचे. शब्द अडकला की आपण मागे जाऊन पुन्हा धाव घेतो, तसं करू नका. अडकलात तिथेच थांबा. जोर ओठांवर आहे, जिभेवर की घशात, ते ओळखा. तो हळूहळू सैल सोडत तोच आवाज लांबवा आणि पुढे सरका. सुरुवातीला हे अडकलेलं असताना जमत नाही. तेव्हा शब्द कसाबसा पूर्ण करा, क्षणभर थांबा आणि तोच शब्द सैलपणे पुन्हा म्हणा. आधी जवळच्या माणसाशी बोलताना करून बघा, फोन सगळ्यात शेवटी.

फोनवर पहिल्याच वाक्यात सांगून टाका, 'मी जरा अडखळतो, थोडा वेळ द्या.' कधीकधी सोप्या शब्दावर मुद्दाम अडखळा. विचित्र वाटेल, पण धास्ती यानेच उतरते.

स्पीच थेरपिस्ट जरूर गाठा, मात्र मोठ्या माणसाचं अडखळणं कायमचं घालवायची हमी देणाऱ्याकडे जाऊ नका. आणि घरच्यांना बजावून ठेवा: माझं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, 'सावकाश बोल' म्हणू नका, मी काय म्हणतोय तेवढं ऐका.