एएक्सयूडीपी लिंक एकाच बाजूने चालते, क्वालिटी २५५ केली तर सुधारेल का?

तुम्ही लिहिलंय की एएक्सयूडीपीवर (हॅम रेडिओच्या पॅकेट फ्रेम इंटरनेटवरून यूडीपीने पाठवायची पद्धत) समोरच्या नोडला, म्हणजे नेटवर्कमधल्या दुसऱ्या स्टेशनला, तुमच्या फ्रेम दिसतात पण त्याचं उत्तर तुमच्याकडे येत नाही, राउटरवर यूडीपी १००९३ उघडलाय, आणि कोणीतरी सांगितलंय की क्वालिटी (लिंक किती चांगली मानायची तो आकडा, जास्तीत जास्त २५५) २५५ करा म्हणजे लिंक भक्कम होईल. हे शेवटचं वाचलं नसतं तर मी लिहायला बसलोच नसतो. नका करू. असला सल्ला देणारी माणसं मी जवळून बघितलीत.

आधी तुमचं दुखणं. क्वालिटीचा आणि एकतर्फी लिंकचा काडीचा संबंध नाही. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात (कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते), मग घरच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरून आपणहून आत काही येणार नाही. टीसीपीडम्प (आलेली-गेलेली पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावा, समोरून एकही पॅकेट येत नसेल तर निदान पक्कं. उपाय म्हणजे पब्लिक आयपी असलेल्या एखाद्या सर्व्हरवर वायरगार्डचा (व्हीपीएनचा) टनेल, त्यात पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (वाट उघडी ठेवणारं छोटं पॅकेट) २५ सेकंद, आणि एएक्सयूडीपी त्या टनेलमधून. आयपी प्रोटोकॉल ९३ वाल्या जुन्या एएक्सआयपीच्या (त्याच फ्रेम यूडीपीशिवाय थेट आयपीवर) वाटेला जाऊच नका, त्याला पोर्ट नंबरच नसतो, बहुतेक घरगुती राउटर त्याला ओळखही दाखवत नाहीत.

आता २५५ चं. आमच्याकडे एका ज्येष्ठ हॅमचा (हौशी रेडिओवाल्याचा) गेटवे होता, सगळे त्यांना काका म्हणतात. एका बाजूला व्हीएचएफवर १२०० बॉड, दुसऱ्या बाजूला इंटरनेटवरून जगभरच्या नोडशी एएक्सयूडीपी, आणि प्रत्येक लिंकला क्वालिटी २५५. संध्याकाळी मेल उचलायला बसलं की मधेच चॅनल जाम, रिट्राय वर रिट्राय, मग डिस्कनेक्ट. काकांचं निदान ठरलेलं, तुमची अँटेना बघा, नाहीतर टीएक्सडिले (डेटा सोडण्याआधीचा थांबा, दहा-दहा मिलिसेकंदांत मोजलेला) ३० चा ५० करा. म्हणजे प्रत्येक ट्रान्समिशनला आणखी २०० मिलिसेकंद वाया, आधीच गळा आवळलेल्या चॅनलवर!

मी मॉनिटर चालू ठेवून नुसता ऐकत बसलो. दर तासाला गेटवे नोड्स ब्रॉडकास्ट (त्याला माहीत असलेल्या नोडची यादी) सोडायचा, एकामागून एक फ्रेम, संपतच नाहीत. हिशोब सोपा आहे. नेट-रॉमच्या (नोड एकमेकांना जोडणारा प्रोटोकॉल) नोड्स फ्रेममध्ये एका नोडची नोंद २१ बाइटची, एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त ११ नोंदी. तीनशे नोड असतील तर २८ फ्रेम, १२०० बॉडला प्रत्येकी पावणेदोन सेकंद धरले तरी पाऊण मिनिट बाकी सगळ्यांनी तोंड मिटून बसायचं. आणि हे नोड कुठले, तर समुद्रापलीकडचे. वर ती लांबलचक लिस्ट बघून नवखी पोरं कुठेतरी लांब कनेक्ट मारायची आणि तिकडचा मोठाच्या मोठा मेनू १२०० बॉडवर उतरवत बसायची, चॅनल पुन्हा ठप्प.

२५५ मुळे हे होतं कारण प्रत्येक उडीला (एका नोडवरून पुढच्यावर) क्वालिटी त्या लिंकच्या क्वालिटीने गुणली जाते आणि २५६ ने भागली जाते. १९२ ठेवलीत तर १९२, १४४, १०८, ८१ अशी उतरत जाते आणि मिनिमम क्वालिटीच्या खाली गेलेला नोड आपोआप गळतो. २५५ ला दहा उड्यांनंतरही २४६ उरते, म्हणजे काहीच गळत नाही, जगातला प्रत्येक नोड तुमचा सख्खा शेजारी.

हे सगळं लॉगसकट काकांसमोर ठेवलं. उत्तर काय मिळालं, "लिस्ट मोठी म्हणजे नेटवर्क मोठं." मीटिंगला ती लिस्ट ते स्क्रीनवर सरकवून दाखवायचे, लोक वा वा करायचे. शेवटी मी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर वेगळा नोड टाकला, इंटरनेट लिंकची क्वालिटी खाली, रेडिओ पोर्टवर फक्त आसपासचे मोजके नोड. हळूहळू मेलवाले सगळे इकडे आले. काका अजूनही म्हणतात की ते माझ्या उंच अँटेनामुळे. माझी अँटेना त्यांच्यापेक्षा खाली आहे आणि हे त्यांनी स्वतः येऊन बघितलंय.

माझं मत विचाराल तर गेटवेचं मुख्य काम हवेत काय जाऊ द्यायचं नाही ते ठरवणं. इंटरनेटवरचं १५०० बाइटचं एक पॅकेट १२०० बॉडला दहा सेकंद खातं, त्यामुळे रेडिओ पोर्टवर आयपी चालवणार असाल तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) २५६ ठेवा आणि फायरवॉल आधी लावा, इंटरफेस नंतर उठवा.

हो, आणि एएक्सयूडीपीला पासवर्ड वगैरे काही नसतो. पोर्ट माहीत असलेला कोणीही कुठल्याही कॉलसाइनने फ्रेम पाठवेल आणि ती तुमच्या ट्रान्समीटरमधून जाईल, लायसन्स तुमचं. ओळखीच्या आयपीवरूनच घ्या. टनेलमधलं एन्क्रिप्शन इंटरनेटपुरतं चालतं, हवेत मात्र बहुतेक देशांत उघडंच पाठवावं लागतं, तुमच्या लायसन्सचे नियम एकदा वाचा.

एक कबूल करतो, गेटवेला रेडिओ पोर्टच नसेल, नुसतं नेटवरून नेटवर असेल, तर २५५ ठेवल्याने चॅनल जाम व्हायचा प्रश्न नाही. काकांच्या गेटवेला रेडिओ पोर्ट होता.