धातू हायड्रोजन कसा शोषतात आणि जास्त दाबाखाली त्यांची रचना का बदलते?

पॅलेडियमचं उदाहरण सगळेच देतात. साध्या तापमानाला ते स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे ९०० पट हायड्रोजन पिऊन टाकतं, त्याच्या अणूंची जाळी फुगते, पण अणूंची मांडणी तीच राहते. मी लोखंडाबद्दल लिहितो, कारण त्यापायी आमच्या एका फिटरची नोकरी गेली.

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत मी मेंटेनन्सला होतो. प्रेससाठी १२.९ ग्रेडचे, म्हणजे खूप मजबूत आणि कडक पोलादाचे, झिंक प्लेटिंगवाले (जस्ताचा मुलामा दिलेले) नवे बोल्ट आले. फिटरभाऊंनी माझ्यासमोर टॉर्क रेंच लावून, मोजून कसले. रात्रभर मशीन बंद. सकाळी बघतो तर दोन डोकी खाली पडलेली! साहेब म्हणाले, "यानेच जास्त आवळले." अहो, जास्त आवळलेला बोल्ट पान्याखालीच ताणून तुटतो, रात्र उलटायची वाट बघत नाही. हे मी तेव्हाही ओरडून सांगितलं. महिन्याभरात भाऊंना काढलं.

प्लेटिंगआधी बोल्ट अॅसिडात बुडवतात. तिथे आणि पुढे प्लेटिंगच्या टाकीतही हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात. रेणू पोलादात शिरत नाही, सुटा अणू शिरतो. बोल्ट कसला की ताण जास्त असेल तिथे, म्हणजे डोक्याखाली, तो गोळा होतो आणि पोलाद ठिसूळ करतो. ते टाळायला प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत बोल्ट २०० अंशांच्या आसपास काही तास भट्टीत भाजतात. आमच्या प्लेटिंगवाल्याकडे भट्टीच नव्हती, मी स्वतः जाऊन पाहिलं.

आता दाबाचं. एरवी लोखंडात हायड्रोजन नावापुरताच विरघळतो. पण वायू दडपत नेला की त्याला धातूच्या पोकळ्यांत शिरणं जास्त सोयीचं होतं. सुमारे ३.५ गिगापास्कलला, म्हणजे हवेच्या दाबाच्या ३५ हजार पटीला, लोखंड जुनी मांडणी सोडून दाट षट्कोनी थरांची मांडणी घेतं. तिच्यातल्या पोकळ्या मोठ्या असतात. लोखंडाच्या दर अणूमागे जवळपास एक हायड्रोजन मावतो. दाब काढला की तो निघून जातो आणि लोखंड मूळ रचनेवर येतं.

बोल्ट कसल्यावर काही तासांनी आपोआप तुटला तर आधी भट्टीची नोंद मागा, फिटरचा हात नंतर बघा. हां, ४.६ किंवा ८.८ अशा कमी कडक ग्रेडला हा त्रास सहसा होत नाही. आणि प्रत्येक बोल्ट हायड्रोजननेच तुटतो असंही नाही, तुटलेली बाजू सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. ती दोन डोकी व्हीएनआयटी या नागपूरच्या इंजिनिअरिंग संस्थेच्या धातुशास्त्र विभागात दाखवू या, असं मी दोनदा म्हणालो. ती भंगारात गेली.