कॉलेजच्या गेटवरचे क्रेडिट कार्ड

प्रश्न : मुलगा गंगापूर रोडवरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, वय १८. गेटजवळच्या स्टॉलवर बॅग फुकट मिळते म्हणून त्याने आधार-पॅनच्या झेरॉक्स दिल्या, ओटीपीही सांगितला. आता क्रेडिट कार्ड घरी आले आहे. काय करावे?
– एक पालक, नाशिक

उत्तर : कार्ड चालू करू नका, पिनही तयार करू नका. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ३० दिवसांत कार्ड चालू झाले नाही, तर बँकेला ओटीपीने संमती घ्यावी लागते. ती मिळाली नाही, तर कार्डाचे खाते ७ कामकाजाच्या दिवसांत विनाशुल्क बंद करावे लागते. अडचण इथेच होते : मुले तो ओटीपी न वाचताच सांगून टाकतात.

वाट न पाहता बंद करण्याचा अर्ज ईमेलने द्या, तक्रार क्रमांक जपा. थकबाकी नसताना ७ कामकाजाच्या दिवसांत खाते बंद झाले नाही, तर बँक दिवसाला ५०० रुपये देणे लागते. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, माहितीसाठी हेल्पलाइन १४४४८. महिनाभराने मुलाचा क्रेडिट रिपोर्टही (त्याच्या नावावरची कर्जे व कार्डे यांची नोंद) पाहा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.

अमेरिकेत २००९च्या कायद्याने कॅम्पसवर भेटवस्तूंचे आमिष दाखवून विद्यार्थ्यांकडून अर्ज भरून घेण्यास मनाई केली. आपल्याकडे प्राचार्यांना लेखी विनंती करा : स्टॉलला आवारात परवानगी नको. गेटबाहेरचा रस्ता मात्र त्यांच्या हातात नाही.