मुंबईहून कोकणात सहकुटुंब जाताना ध्यानाचा सराव कसा टिकवायचा?

डोळे मिटून बसायचा हट्ट सोडला की सराव टिकतो. जे समोर चाललंय त्यावरच लक्ष ठेवा. इगतपुरीच्या १० दिवसांच्या विपश्यना शिबिरात घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. ते मी केलंय, पण मांडवी एक्सप्रेसमध्ये पोरं, सासूबाई आणि डबे सांभाळताना तो तास विसरा. त्यापेक्षा बोगदे वापरा. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा ६.५ किलोमीटरचा आहे. खिडकीबाहेर बघायला काही उरत नाही, तेवढा वेळ फक्त येणारा-जाणारा श्वास बघा. मुलांनाही सामील करा, त्यांना तो खेळच वाटतो (सासूबाईंना नामस्मरण). मात्र कशेडी घाटातून स्वतः गाडी चालवत असाल, तर श्वासाचं राहू द्या, रस्ता बघा.