फोन हातात घेण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात दोन विषय राहिल्याचे वाचून नव्हे, तर रात्री तीनपर्यंत पाहिलेल्या रीलपैकी सकाळी एकही आठवत नाही, हे वाचून मी अस्वस्थ झालो. सोबत तू रोजच्या तासांचा तक्ता पाठवलास. तो मला नको. फोन हातात घेण्याआधी मनात काय होते, ते लिही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांच्या इंटरनेटच्या व्यसनावरील १९९८ च्या वीस प्रश्नांच्या चाचणीत, आयुष्यातले त्रासदायक विचार दडपण्यासाठी तू इंटरनेटचा आधार घेतोस का, अशा अर्थाचा एक प्रश्न आहे. माझ्या मते तोच मुख्य. लातूरला वर्गात पहिला येणारा तू पुण्यात इंग्रजीत शंका विचारायला कचरतोस, मेसमध्ये कोपऱ्यात जेवतोस, आणि घरून फोन आला की वडिलांनी काढलेले कर्ज आठवून गप्प बसतोस. स्क्रीनवर मात्र लिहिलेले पाठवण्याआधी खोडता येते, तिथे कुणी तुझे उच्चार ऐकत नाही. अभ्यास टळला की लाज वाटते, आणि ती विसरायला पुन्हा फोन लागतो. पुढची रील कदाचित चांगली निघेल, ही अनिश्चितताच बोट थांबू देत नाही, हे खरे; पण बोट तिथवर कशाने गेले?

मी रेक्टर असताना रात्री अकराला वायफाय बंद करवीत असे. एका मुलाचा फोन महिनाभर माझ्या कपाटात होता. तो सत्र अर्धवट टाकून गेला, तेव्हा कळले की कित्येक महिने तो मेसमध्ये कुणाशी बोललाच नव्हता. पालकांचा आग्रह होता, दोनशे मुलांमागे मी एकटा होतो, आणि शिस्त हवीच असे मी आजही म्हणेन; तरीही फोन हातात घेण्याआधी काय होते, एवढे विचारायला मला दोन मिनिटे पुरली असती. मी विचारले नाही.

म्हणून अ‍ॅप काढले आणि चार दिवसांनी पुन्हा घेतले, हे मला तिसऱ्यांदा कळवू नकोस. वही घे. सात दिवस, प्रत्येक वेळी, फोन हातात घेण्याआधी एक ओळ लिही: कंटाळा, भीती, एकटेपणा, जे असेल ते. एक वेळचे जेवण तरी शेजारच्या खोलीतल्या मुलाबरोबर कर. झोप अजिबात लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच बोल, आणि मलाही उठव, कितीही वाजलेले असोत.

रविवारी वही घेऊन घरी ये. जेवायलाच ये.

तुझा,
सर